फ्लाय ॲश विटांचा धंदा: राख स्वस्त, गाडीभाडं महाग

सेमाडोहच्या एका भाऊंचा फोन होता. "सर, पारसची राख आणतो आणि गावातच विटांची मशीन टाकतो. घरकुलांची कामं चालूच असतात. जमेल का?"

आधी राख कुठून येते ते बघू. आपल्या वऱ्हाडात कोळशावरची दोन मोठी वीज केंद्रं आहेत. बाळापूर तालुक्यातलं पारस ५०० मेगावॅटचं, अमरावतीजवळचं नांदगाव पेठ १३५० मेगावॅटचं. आपल्या देशी कोळशात ३० ते ४५ टक्के राखच असते. धुराबरोबर उडणारी बारीक राख यंत्रात पकडून सायलोत साठवतात, तीच फ्लाय ॲश. विटेला ही कोरडी राख घ्या. तलावातली ओली, जाडीभरडी राख स्वस्त दिसते, पण तिने मिश्रणाचं प्रमाण रोज बदलतं.

सरकारचा नियमही आपल्या बाजूने आहे. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या बांधकामात राखेच्या विटा वापरायच्या आहेत. अट एवढीच, की त्या पर्यायी मालापेक्षा महाग नकोत. धंदा अडतो तो इथेच.

एक वीट साधारण ३ किलोची. त्यात निम्म्याहून जास्त राख, बाकी गिट्टीची चुरी आणि सिमेंट. १० टनाच्या गाडीत ३,३०० विटा बसतात. घाट चढायचं भाडं समजा ७,००० रुपये, म्हणजे विटेमागे २ रुपयांच्या वर. मशीन सेमाडोहला टाकली तर तेवढंच वजन राख, चुरी, सिमेंट म्हणून वर न्यायचं. गावात गिऱ्हाईक थोडं, म्हणून उरलेल्या विटा परत खाली परतवाड्याला आणायच्या. घाटाचं भाडं दोनदा! शिवाय गाव मेळघाट व्याघ्र प्रकल्पात. तिथे कारखान्याची परवानगी काही सोपी गोष्ट नाही.

म्हणून भाऊंना म्हटलं, मशीन परतवाडा-अचलपूर पट्ट्यात टाका, सेमाडोहला फक्त ऑर्डरवर गाडी पाठवा.

आता खरी मेख. मशीनच्या कर्जाचा हिशोब सगळे करतात, अंगणात पडलेल्या मालाचा कोणी करत नाही. विटेला पाणी मारून २१ दिवस ठेवायचं म्हटलं आणि रोज ३,००० काढल्या, तर ६३,००० विटा कायम पडून. वीट ५ रुपयांना पडली असं धरा, ३ लाख १५ हजार अडकले. त्यावर ठेकेदार महिनाभर उधारी मागणार, ती वेगळीच. हे पैसे नसले की माणूस आठव्या दिवशी कच्ची वीट विकतो, ती साइटवर फुटते आणि गावभर नाव जातं.

घरच्या घरी तपासणी करा. कोरडी वीट तोला, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून परत तोला. ३ किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर गेली, म्हणजे २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी प्यायली, तर ती नापास. मशीनवाल्याच्या डेमोला जाताना तराजू सोबत न्या. भाऊ पुढच्या आठवड्यात जाणार आहेत, आकडे आले की व्हिडिओत दाखवतो.