लिदित्से : नकाशावरून पुसलेलें एक गांव

भूगोलाच्या पुस्तकांत गांवाची व्याख्या सोपी असते. पाण्याची सोय, कसण्याजोगी जमीन आणि बाजाराला जाणारी वाट, एवढें जेथें जुळून येतें तेथें माणसें घरें बांधतात व त्या वस्तीला नांव पडतें. परंतु ओढा, घरें, प्रार्थनामंदिर, दफनभूमि आणि वाटा हें सर्वच कोणीं बुद्ध्या नाहींसें केलें, तर गांव म्हणून मागें काय उरतें? हा प्रश्न केवळ तर्काचा वाटेल. पण युरोपांतील एका लहानशा खेड्यावर तो प्रसंग खरोखरच ओढवला. त्या खेड्याचें नांव लिदित्से.

चेक देशाच्या बोहेमिया भागांत, राजधानी प्राग हिच्या वायव्येस सुमारें २० किलोमीटरांवर हें गांव आहे. सभोंवतालचा मुलूख सौम्य चढउतारांचा असून जुनें गांव एका ओढ्याच्या उथळ खोऱ्यांत वसलें होतें. त्याचा पहिला लेखी उल्लेख १३१८ सालचा आहे. पुढें कित्येक शतकें तेथील लोकांचें जीवन शेतीवरच चाललें. एकोणिसाव्या शतकांत मात्र जवळच्या क्लाद्नो शहरीं दगडी कोळशाच्या खाणी व लोखंड-पोलादाचे कारखाने वाढले आणि लिदित्सेचे पुरुष तेथें कामाला जाऊं लागले. अर्धा शेतकऱ्यांचा आणि अर्धा मजुरांचा असा हा गांव होता. संत मार्टिनचें चर्च, शाळा, तळें आणि सुमारें ५०० माणसें एवढाच त्याचा पसारा. बाहेरच्या जगाला त्याचें नांव ठाऊक असण्याचें कांहींच कारण नव्हतें.

मार्च १९३९ मध्यें जर्मनीनें बोहेमिया व मोराव्हिया हे भाग गिळंकृत केले. सप्टेंबर १९४१ मध्यें राइनहार्ड हायड्रिख हा तेथील सत्ताधीश होऊन प्रागला आला. २७ मे १९४२ रोजीं यान कुबिश व योझेफ गाबचिक या इंग्लंडहून हवाई छत्रीनें उतरलेल्या दोन सैनिकांनीं त्याच्यावर हल्ला केला आणि ४ जून रोजीं तो मरण पावला. सूड घेण्यासाठीं नाझी अधिकाऱ्यांना एखादें गांव हवें होतें. लिदित्सेंतील दोन कुटुंबांचे मुलगे इंग्लंडांतील चेकोस्लोव्हाक सैन्यांत होते, आणि एका संशयास्पद पत्रावरून त्या गांवाकडे बोट दाखविलें गेलें. हल्ल्याशीं गांवाचा संबंध असल्याचा कसलाहि पुरावा मिळाला नाहीं. तथापि शिक्षा ठरून गेली होती.

९ जूनच्या रात्रीं गांवाला वेढा पडला. दुसऱ्या दिवशीं होराक यांच्या वाडीवर १७३ पुरुषांना गोळ्या घालण्यांत आल्या. गांवाचे वृद्ध धर्मोपदेशक योसेफ श्टेम्बेर्का हेहि त्यांतच होते. स्त्रियांना व मुलांना क्लाद्नो येथील एका शाळेंत कोंडून तेथेंच मातांपासून मुलें वेगळीं केलीं गेलीं. मातांची रवानगी राव्हेन्सब्रुकच्या छळछावणींत झाली. जर्मन कुटुंबांत वाढविण्यास योग्य म्हणून थोडींशीं मुलें निवडलीं गेलीं. उरलेल्यांपैकीं ८२ जणांना पोलंडांतील खेल्म्नो येथें विषारी वायूनें मारण्यांत आलें. गांवचीं एकंदर सुमारें ३४० माणसें या सूडाला बळी पडलीं.

परंतु माणसें मारून अधिकाऱ्यांचें समाधान झालें नाहीं. घरें जाळून सुरुंगांनीं उडविण्यांत आलीं. चर्च पाडलें गेलें, दफनभूमींतील थडगीं उकरलीं, झाडें तोडलीं, तळें बुजविलें आणि ओढ्याचा प्रवाहसुद्धां वळविला. येथें कोणे एके काळीं गांव होतें हें पाहणाऱ्याला कळूंहि नये, असा तो बेत होता. हें काम पुढील वर्षापर्यंत चाललें. इतिहासांत गांवें लुटल्याचे व जाळल्याचे दाखले पुष्कळ आहेत. पण एखाद्या गांवाचा भूगोलच पुसण्याचा इतका पद्धतशीर उद्योग विरळाच.

दहशत बसावी म्हणून जर्मनांनीं ही वार्ता स्वतःच आकाशवाणीवरून जगाला सांगितली, आणि तेथेंच त्यांचा हिशेब चुकला. जें नांव मिटवावयाचें होतें तें त्यांच्याच तोंडून सर्वतोमुखीं झालें. १९४२ सालींच अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांतल्या एका वसाहतीनें आणि मेक्सिकोंतील एका खेड्यानें लिदित्से हें नांव धारण केलें. इंग्लंडांत स्टोक-ऑन-ट्रेंट येथें डॉ. बार्नेट स्ट्रॉस यांनीं खाणकामगारांच्या साहाय्यानें गांव पुन्हां उभारण्यासाठीं निधि जमविण्यास आरंभ केला. स्वतः युद्धाच्या हालांत असलेल्या मजुरांनीं कधीं न पाहिलेल्या खेड्यासाठीं आपल्या कमाईंतून पैसे दिले.

युद्ध संपल्यावर १४३ स्त्रिया परत आल्या. मुलांपैकीं १७ सांपडलीं; त्यांतील कांहीं आपली मातृभाषाच विसरून गेलीं होतीं, आणि आईशीं बोलण्यासाठीं त्यांना चेक भाषा पुन्हां शिकावी लागली. १९४७ सालीं जुन्या जागेजवळच नव्या गांवाची पायाभरणी झाली व पुढें तेथें १५० घरें उभीं राहिलीं. जुन्या खोऱ्यांत मात्र कोणीं घर बांधलें नाहीं. तेथें आज हिरवळ आहे, चर्चच्या व वाडीच्या पायाचे अवशेष आहेत, आणि खोरें व नवें गांव यांना जोडणारी, देशोदेशींच्या गुलाबांची १९५५ सालीं उघडलेली बाग आहे. शिल्पकार मारिए उखितिलोव्हा यांनीं आयुष्याचीं वीस वर्षें वेंचून घडविलेले त्या ८२ मुलांचे पुतळे त्यांच्या मृत्यूनंतर ब्राँझमध्यें ओतले गेले, इ. स. २००० मध्यें तें काम पुरें झालें.

त्याच जून महिन्यांत पूर्व बोहेमियांतील लेझाकी ही वाडीहि अशीच नष्ट करण्यांत आली. ती पुन्हां वसली नाहीं. घरांच्या जागीं आज केवळ स्मारकशिला आहेत. लिदित्सेला मात्र परतणाऱ्या स्त्रिया होत्या, आणि त्यांनीं नव्या वस्तीला जुनेंच नांव दिलें. ओढा वळवितां येतो, दगड हलवितां येतात. पण 'हें आमचें गांव' असें म्हणणारीं माणसें उरलीं आणि त्यांच्या हांकेला ओ देणारे परके उभे राहिले, तर गांव पुन्हां वसतें.