न उतरलेला वृषण

ॲरिस्टॉटलनं एक निरीक्षण नोंदवलंय: हत्तीचे वृषण बाहेर दिसत नाहीत, आत मूत्रपिंडांजवळ असतात. हत्तीत ती विकृती नव्हे, तीच रीत. पोटातल्या उष्णतेतही त्याचं काम चालतं.

माणसाचं तसं नाही. मुलाचे वृषण पोटात तयार होऊन जन्माआधीच्या शेवटच्या महिन्यांत जांघेतून पिशवीत उतरतात. पूर्ण दिवसांच्या १०० मुलग्यांत सुमारे तिघांचा एखादा वर राहतो. पुष्कळांचा ६ महिन्यांत आपला आपण येतो; नंतर सहसा नाही. आतल्या उष्णतेनं बीजपेशी खराब होतात, पुढे कर्करोगाचा धोकाही वाढतो. म्हणून शस्त्रक्रिया ६ ते १८ महिन्यांच्या वयात करतात.

घोड्याचं बघा. आत राहिलेला वृषण शुक्राणू करत नाही, पण संप्रेरक करतो. बाहेरचा तेवढा काढून खच्ची म्हणून घेतलेला घोडा घोडीमागे धावू लागला, की मालकाला उलगडा होतो!

बाळाला कोमट पाण्यानं न्हाऊ घालताना हात लावून बघा. थंडीत वृषण वर ओढले जातात, फसगत होते. सापडला नाही तर डॉक्टरांना विचारा. ‘मोठा झाला की उतरेल’ म्हणणाऱ्या आजोबांना नको. मी स्वतः आजोबा आहे.