आधी तलवार म्यान करा!

‘दिवसभर कॉम्प्युटरवर खेळत असतो’ हे वाक्य आपल्या घरांतून आजही तक्रारीच्याच सुरात उच्चारले जाते. तेच मूल बुद्धिबळाचा पट मांडून चार तास बसले, की आईवडील आल्यागेल्याला कौतुकाने सांगतात. हा भेदभाव अगदीच निराधार आहे असे नाही. पुष्कळसे संगणकीय खेळ बोटांची कवायत करून घेतात आणि डोक्याला सुट्टी देतात. पण तीसेक वर्षे हा नाद केल्यावर माझे मत असे झाले आहे, की त्यातली दोन घराणी वेगळी काढावीत. एक गोष्ट सांगणाऱ्या खेळांचे, दुसरे डावपेचांचे. या घराण्यांतले अव्वल खेळ चांगल्या कादंबरीसारखे मनात घर करतात, आणि कधीकधी तिच्याहून जास्त छळतात.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ अनेकांना आठवत असेल. जॉर्डन मेक्नर या तरुणाने तो १९८९ साली आणला. नव्वदीच्या दशकात आपल्याकडच्या संगणक क्लासात सरांची पाठ वळली, की पोरे तोच सुरू करीत. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचे. मेक्नरने आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. म्हणून तो खऱ्या माणसासारखा धडपडतो. मला मात्र त्यातला आरसा सर्वांत थोर वाटतो. राजपुत्र आरशातून आरपार उडी घेतो, तेव्हा त्याचीच सावली दुसऱ्या बाजूने निसटून जाते. पुढे एका वळणावर ती तलवार उपसून उभी ठाकते. तिच्यावर घाव घातला, की जीव आपलाच कमी होतो. उपाय एकच. तलवार म्यान करायची आणि सरळ तिला सामोरे जायचे. दोघे एक होतात. एका शब्दाचाही संवाद न घालता सांगितलेली ही गोष्ट आहे.

याच्या अगदी उलट स्वभावाचा, म्हणजे अखंड बडबड करणारा खेळ ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’. रॉन गिल्बर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९० साली केलेला. चाचा होऊ पाहणारा एक भोळसट तरुण यात आहे, आणि इथली तलवारबाजी हाताने नव्हे तर तोंडाने जिंकायची असते. समोरचा टोमणा मारतो, आपण चपखल उत्तर द्यायचे. वाटेत भेटणाऱ्या चाच्यांशी हरत हरत टोमणे आणि उत्तरे गोळा करायची. शेवटी तलवारबाजीतली उस्ताद बाई समोर येते, ती नवेच टोमणे काढते, आणि त्यांना आपल्या जुन्याच पोतडीतून जुळणारे उत्तर शोधावे लागते. फडावरचा सवाल-जवाब ज्याने ऐकला आहे, त्याला यातली गंमत समजावून सांगायला नको.

डावपेचांत माझे पहिले प्रेम सिड मायरचा ‘सिव्हिलायझेशन’ (१९९१). इसवी सनपूर्व ४००० मध्ये एक वस्ती वसवायची आणि शतकामागून शतके ओलांडत शेवटी अल्फा सेंटॉरीकडे यान धाडायचे. ‘अजून एकच खेळी’ म्हणता म्हणता दारात दूधवाला येतो. यात भारताचे नेतृत्व गांधीजींकडे आहे, आणि प्रोग्राममधल्या एका चुकीमुळे ते अणुबाँब टाकीत सुटत, अशी कथा पुढे जगभर पसरली. अशी चूक नव्हतीच, असे खुद्द मायरने २०२० साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात सांगितले; पण दंतकथा काही मरत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या खेळात साऱ्या मानवजातीला चाकापासून रॉकेटपर्यंत एकच रस्ता ठरवून दिलेला असतो, आणि जो रेंगाळला तो संपला. खेळ म्हणून झकास. इतिहास म्हणून मुलांनी तो मनावर घेऊ नये.

‘एम्पायर: टोटल वॉर’ (२००९) मध्ये तर चक्क मराठे होऊन खेळता येते. डाव सुरू होतो १७०० साली, म्हणजे राजाराम महाराजांचे निधन झाले आणि ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली ते वर्ष; औरंगजेब तेव्हा दख्खनमध्येच तळ देऊन होता. पडद्यावर मराठ्यांचे निशाण दिसले की ऊर भरून येतो, हे कबूल. पण खेळाचा सारा भर मैदानात समोरासमोर रांगा लावण्यावर. किल्ला महिनोन्‌महिने झुंजवावा, मग पैसे घेऊन तो सोडावा आणि संधी मिळताच परत घ्यावा, ही जी त्या काळची खरी चाल, तिचा स्वाद काही तिथे येत नाही.

आता ज्याच्यासाठी हे सारे लिहायला घेतले त्या खेळाकडे येतो. ‘धिस वॉर ऑफ माइन’, पोलंडमधल्या वॉर्सा इथल्या मंडळींनी २०१४ साली केलेला. मूळ प्रेरणा साराजेव्होच्या वेढ्याची. १९९२ ते १९९६ या काळात जवळजवळ चार वर्षे ते शहर कोंडले गेले होते. यात आपण सैनिक नाही. पडक्या घरात आसऱ्याला आलेली तीन-चार साधी माणसे आपल्या हाती असतात. दिवसा बाहेर पडावे तर नेमबाज टिपतात. घरात चूल पेटवायची, खाट ठोकायची, कोणी आधी जेवायचे ते ठरवायचे. रात्री एकाने बाहेर जाऊन मिळेल ते आणायचे. युद्ध कधी संपणार, हे सांगत नाहीत.

एका घरात एक म्हातारे जोडपे राहते. त्यांच्याकडे अन्न आहे, औषधे आहेत, आणि प्रतिकाराची ताकद अजिबात नाही. आजोबा गयावया करतात. लुटून आणले, तर आपली माणसे जगतात, पण ती खिन्न होऊन कोपऱ्यात बसतात. गुण कापले जात नाहीत की कोणी रागावत नाही. पोलंड सरकारने २०२० साली हा खेळ शाळांच्या शिफारस-यादीत घालण्याचे जाहीर केले, तेही अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी. वयाची ही अट योग्यच आहे. लहानांच्या हाती तो देऊ नये.

माझी कॉलेजात जाणारी भाची त्या म्हाताऱ्यांच्या दारातून रिकाम्या हाताने परतली. तिच्या घरात एक जण तापाने फणफणलेला होता. ‘मामा, आता काय करू?’ तिने विचारले. मी म्हटले, ‘खेळ तुझा आहे.’ ती बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग तिने दुसऱ्या माणसाच्या पाठीवर पिशवी दिली आणि त्याला वेगळ्या रस्त्याने पाठवले.