सागर परिक्रमा म्हणजे काय? विंचुर्णीच्या आवटी साहेबांनी धरलेला ध्यास

फलटण : फलटण तालुक्यात पाणी म्हटलं की आठवतं ते नीरा उजव्या कालव्याचं आवर्तन. समुद्र इथून कोसो दूर. तरीही शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचं स्वप्न नौदलापुढे मांडणारा माणूस याच तालुक्यातल्या विंचुर्णीत राहत होता. ते म्हणजे दिवंगत व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी.

१९२७ साली जन्मलेले आवटी १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात 'आयएनएस कामोर्ता' या युद्धनौकेचे कप्तान होते. त्या कामगिरीसाठी त्यांना वीरचक्र मिळालं. पुढे ते मुंबईच्या पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख झाले आणि १९८३ ला निवृत्त झाले. निवृत्तीनंतर मुक्काम विंचुर्णीला केला, पण समुद्र काही डोक्यातून गेला नाही.

परिक्रमेचे नियम काय?

निघालेल्या बंदरावरच परत यायचं. विषुववृत्त किमान दोनदा ओलांडायचं. प्रवास २१,६०० सागरी मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे ४० हजार किलोमीटरपेक्षा जास्त झाला पाहिजे. सुएझ किंवा पनामा कालव्याचा जवळचा रस्ता धरायचा नाही. ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि आफ्रिकेच्या खालच्या टोकांना वळसा घालूनच यायचं. इंजिनावर नाही, वाऱ्यावर. दक्षिणेकडच्या त्या समुद्रात थंडी आणि वादळं कायमचीच, आणि मदतीला जवळपास कोणी नसतं.

एकट्या भारतीयाने हे तोवर केलंच नव्हतं. आवटींनी वयाच्या ऐंशीच्या घरात हा विषय नौदलाकडे लावून धरला. बोटही परदेशातून विकत आणली नाही. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटी 'म्हादेई' तयार झाली.

तीन मोहिमा

दिलीप दोंदे हे नौदल अधिकारी ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले. वाटेत चार बंदरांवर थांबून मे २०१० ला ते परत आले. एकट्याने परिक्रमा पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. २०१२-१३ ला अभिलाष टॉमी कुठेही न थांबता एकटेच फिरून आले. त्यानंतर २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी' बोटीतून ही फेरी पुरी केली. तारिणीसुद्धा गोव्यातच बांधलेली.

महिलांची ही बोट मे २०१८ मध्ये गोव्याला परतली. नोव्हेंबर २०१८ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी आवटींचं निधन झालं. तिन्ही मोहिमा पार पडलेल्या त्यांना बघायला मिळाल्या.

आवटी स्वतः या फेरीवर गेले नाहीत. त्यांनी तरुण अधिकाऱ्यांवर विश्वास टाकला आणि त्यांच्या पाठीशी उभे राहिले. नौदलात त्यांना सागर परिक्रमेचे जनक म्हणतात. आपल्या शाळांतल्या पोरांना शिवारात राहिलेला हा माणूस माहीत असायला हवा. समुद्रावर जायला किनाऱ्यावरच जन्मावं लागतं असं काही नाही.