घडीच्या सायकलला ट्यूब कुठली बसते?

22 सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. त्याच महिन्याच्या 5 तारखेला गुरुग्रामच्या नव्या मेट्रो मार्गाचं भूमिपूजन झालं: मिलेनियम सिटी सेंटर ते सायबर सिटी, साडेअठ्ठावीस किलोमीटर, 27 स्थानकं. पहिली बातमी अर्थकारणाच्या पानावर गेली, दुसरी राजधानीच्या. गुरुग्राममध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र दोन्ही एकत्र वाचाव्यात. कारण त्यांची रोजची एक अडचण या दोन्ही बातम्यांशी जोडलेली आहे, आणि तिच्यावर घडीच्या सायकलीएवढा चांगला उपाय मला तरी दुसरा दिसत नाही.

पुण्या-नाशिकहून, नागपूर-कोल्हापूरहून नोकरीसाठी इथे येणाऱ्याला हा परमुलुखच. सिकंदरपूरला दिल्ली मेट्रोची यलो लाइन सोडून रॅपिड मेट्रो पकडली की सायबर सिटी सुखाने गाठता येते. अडतं ते स्थानकापासून घरापर्यंत. सेक्टरमधलं घर दोन-तीन किलोमीटर आत असतं. मे महिन्यात एवढं चालवत नाही, कॅबवाल्याला एवढं छोटं भाडं नको असतं, आणि ई-रिक्षा मोठ्या रस्त्यावर सोडून निघून जाते. साधी सायकल स्थानकाबाहेर दिवसभर उभी करायची तर संध्याकाळी ती जागेवर असेल याची खात्री नाही. सोळाव्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात ती ठेवायची कुठे, हाही प्रश्न. घडीची सायकल या सगळ्यातून सोडवते. स्थानकापर्यंत चालवली, घडी घातली, उचलून आत नेली, ऑफिसात टेबलाखाली सरकवली, रात्री दाराआड ठेवली.

प्रश्न आहे चांगली घडीची सायकल मिळवण्याचा, आणि इथे बहुतेकांची फसगत होते.

दिल्ली-एनसीआरच्या दुकानांत ‘फोल्डिंग’ म्हणून जे सर्रास दाखवलं जातं, त्यात महागड्या मोटारगाड्यांची नावं रंगवलेल्या, जाड टायरच्या, 26 इंची चाकांच्या सायकली असतात. त्या मधोमध दुमडतात, हे खरं. पण दुमडून झाल्यावरही त्या मोटारीच्या डिकीत जेमतेम मावतात, आणि जिना चढताना घाम काढतात. अशी सायकल दुमडते ती वाहतुकीच्या सोयीसाठी. रोज उचलून न्यायला ती केलेलीच नाही. मेट्रोने प्रवास करणाऱ्याने 16 किंवा 20 इंची चाकांच्या पलीकडे बघू नये, आणि वजन 12-13 किलोच्या आत ठेवण्याचा प्रयत्न करावा. फलाटावरून पुलावर आणि पुलावरून रस्त्यावर ती आपल्यालाच न्यायची असते.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तो. टायरच्या बाजूला रबरात उठवलेले आकडे वाचा. 40-406 किंवा 32-349 अशी जोडी दिसेल. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथल्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुकानदार ‘वीस इंची’ म्हणतो तेव्हा ती सायकल 406 ची असू शकते किंवा 451 ची. ‘सोळा इंची’ म्हणतो तेव्हा 305 ची किंवा 349 ची. नाव एक, मापं दोन, आणि एकाचं टायर दुसऱ्यावर कधीच चढत नाही. 406 आणि 305 ही मापं लहान मुलांच्या सायकलींत चालतात. म्हणून ते टायर गुरुग्रामच्या सदर बाजारापासून सांगली-साताऱ्याच्या पेठेपर्यंत कुठेही मिळतं. 349 आणि 451 चं टायर मागवावं लागतं.

दिल्लीत सायकलींची मोठी बाजारपेठ आहे ती झंडेवालानला. पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनापासून ती फार लांब नाही. तिथल्या एका गल्लीत मी 349 ची ट्यूब मागितली, तेव्हा दुकानदाराने वरच्या फळीवरून बालसायकलीची ट्यूब काढून पुढे केली. ‘‘सोला इंच है, लग जाएगी।’’ अडीअडचणीला ट्यूब ताणून बसेलही, टायर बसणार नाही. शेजारच्या दुकानात 406 ची टायरं ढिगाने टांगलेली होती.

घर बदलत राहणाऱ्या, आज गुरुग्राम तर उद्या बंगळुरू किंवा सिंगापूर असं आयुष्य असलेल्या माणसाने सायकल घेताना गिअर किती, रंग कोणता, हे नंतर बघावं. आधी टायरचा दुसरा आकडा बघावा. माझं मत स्पष्ट आहे: पहिली घडीची सायकल 406 ची घ्या. डेकॅथलॉन ही क्रीडासाहित्याची दुकानसाखळी 2009 मध्ये भारतात आली, तेव्हापासून साध्या, 20 इंची घडीच्या सायकली इथल्या मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या. अमेरिकेत लेझरवर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड हॉन यांनी 1982 मध्ये घडीच्या सायकलींची डाहोन कंपनी काढली. तिच्या 20 इंची सायकलींतही 406 हेच माप मोठ्या प्रमाणावर वापरलं जातं.

मग ब्रॉम्प्टनचं काय? घडीच्या सायकलीचा विषय निघाला की लंडनला किंवा सिंगापूरला राहून आलेला कोणीतरी हे नाव घेतोच, आणि ते घेण्यासारखं आहेच. अँड्र्यू रिची हे केंब्रिजमध्ये शिकलेले इंजिनीअर. 1975 च्या सुमारास लंडनमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये त्यांनी पहिला नमुना जोडायला घेतला. खिडकीतून ब्रॉम्प्टन ऑरेटरी हे चर्च दिसायचं, त्यावरून सायकलीचं नाव पडलं. पुढे त्याचं पेटंटही मिळालं. मोठे सायकल कारखाने हे डिझाइन घ्यायला तयार होईनात, तेव्हा त्यांनी ओळखीपाळखीच्या लोकांकडून आगाऊ ऑर्डरी घेऊन स्वतःच सायकली बनवल्या. नियमित उत्पादन सुरू व्हायला 1988 उजाडलं. म्हणजे पहिल्या नमुन्यापासून जवळजवळ तेरा वर्षं एक माणूस एकाच वस्तूच्या मागे लागून राहिला. ही चिकाटी त्या सायकलीत दिसते. मागचं चाक खाली वळून सांगाड्याखाली जातं, पुढचं चाक बाजूने येऊन त्याला चिकटतं, साखळी दोन चाकांच्या मध्ये बंद होते, त्यामुळे कपड्यांना ग्रीस लागत नाही. सांगाड्याचे सांधे आजही माणसं हाताने ब्रेझिंग करून जोडतात, आणि जोडणारा कारागीर आपली खूण त्यावर उमटवतो.

एवढं सगळं खरं असूनही गुरुग्राममध्ये पहिली सायकल म्हणून ब्रॉम्प्टन घ्यावी असं मी सांगणार नाही. तिचं टायर 349 चं. ब्रिटनमध्येच तिची किंमत हजार पौंडांच्या घरात सुरू होते. आयात सायकलींवरचं सीमाशुल्क 2023 च्या अर्थसंकल्पाने 30 वरून 35 टक्के केलं, त्याच्यापुढे जीएसटीतली सात टक्क्यांची सवलत कुठल्या कुठे विरून जाते. 20 हजार मूळ किमतीच्या देशी सायकलीवर मात्र ही सवलत सरळ दिसते: 22,400 ऐवजी 21,000. परदेशातून परतताना सामानात सायकल आणणारेही आहेत. त्यांनी बॅगेजच्या करमुक्त मर्यादेचा हिशेब आधी करावा, खरेदीची पावती जवळ ठेवावी, आणि दोन जास्तीची टायरं, चार ट्यूब बरोबर आणाव्यात. गुरुग्राममध्ये जपानी आणि कोरियन कुटुंबं बरीच आहेत. बदली झाली की ती घरसामान विकून जातात, आणि त्यात कधी छोट्या चाकांची उत्तम सायकल निघते. अशी मिळाली तर टायरचा आकडा बघून जरूर घ्या.

जुनी असो वा नवी, घेताना दोन बिजागऱ्या तपासायच्या. एक सांगाड्याच्या मध्यावर, दुसरी हँडलच्या खांबाच्या बुडाशी. खिटी बंद करताना अंगठ्याला जोर लागला पाहिजे. सहज बंद होणारी खिटी सैल असते. मग पुढचा ब्रेक घट्ट दाबून हँडल पुढे-मागे हलवा आणि दुसऱ्या हाताचं बोट बिजागरीच्या फटीवर ठेवा. बोटाला हालचाल जाणवली किंवा ‘कट’ असा आवाज आला, तर तिथला स्क्रू आवळून बघा. आवळूनही डुगडुगत असेल तर दुकानातून बाहेर पडा. वेल्डिंगजवळ रंगाला केसाएवढी जरी चीर दिसली, तरी ती सायकल फुकटही घेऊ नका. चालत्या सायकलीचा हँडलखांब तुटला तर सावरायला वेळ मिळत नाही.

आता मेट्रोकडे. दिल्ली मेट्रोत सामानाचं वजन 25 किलोपर्यंत चालतं, मापाचीही मर्यादा आहे. घडीच्या सायकलीने वजनाची अडचण येत नाही. अडचण येते ती सुरक्षा तपासणीच्या यंत्राच्या तोंडाशी, आणि तिथे उभ्या असलेल्या जवानाला काय वाटतं त्यावर. एका स्थानकात सोडतात, दुसऱ्यात थांबवतात, असा अनुभव सायकलवाल्यांकडून ऐकायला मिळतो. याचा दोष मी त्या जवानाला देणार नाही. त्याला घडीच्या सायकलीसाठी एका ओळीचा ठळक नियम हवा.

नियम करायचा तर नीट मोजून करायला हवा. बंगळुरूच्या मेट्रोने नोव्हेंबर 2020 मध्ये घडीच्या सायकलींना परवानगी दिली, तेव्हा कौतुक झालं. मर्यादा होती 60 बाय 45 बाय 25 सेंटिमीटर. घडी घातलेल्या ब्रॉम्प्टनचं माप साधारण 64.5 बाय 58.5 बाय 27 आहे. जगात जिच्या घडीचं उदाहरण देतात, ती सायकलही या चौकटीत तिन्ही बाजूंनी बसत नाही. मग 20 इंची सायकल कुठून बसणार? परवानगी देणाऱ्यांनी एखादी घडीची सायकल टेपने मोजून बघितली असती, तर हा आकडा कागदावर आलाच नसता. सिंगापूरने डिसेंबर 2016 मध्ये गर्दीच्या वेळेलाही घडीच्या सायकली नेऊ देण्याचा प्रयोग सुरू केला. तिथे मर्यादा 120 बाय 70 बाय 40 सेंटिमीटर. बाजारातल्या बहुतेक 20 इंची सायकली घडी घालून या मापात येतात. पुण्याच्या मेट्रोत तर अख्खी सायकल घेऊन चढता येतं.

रस्त्याबद्दल थोडं बोललंच पाहिजे. 17 नोव्हेंबर 2013 ला गुरुग्राममध्येच ‘राहगिरी’ सुरू झाली. बोगोटाच्या धर्तीवर रविवारी सकाळी रस्ता गाड्यांना बंद, माणसांना खुला. कल्पना देशभर पसरली. पण सोमवारी सकाळी उद्योग विहारच्या दिशेने सायकलवर निघालेल्या कामगाराला तोच रस्ता जीव मुठीत धरून ओलांडावा लागतो, समोरून उलट्या बाजूने येणाऱ्या गाड्या चुकवत. गुरुग्रामचे खरे सायकलस्वार हे कामगारच आहेत. घडीची सायकल घेणाऱ्या आयटीवाल्याच्या निमित्ताने का होईना, सर्व्हिस रोडला सलग सायकलपट्टा मिळाला, तर त्याचा पहिला लाभ त्यांना व्हावा.

नव्या मार्गाची 27 स्थानकं अजून बांधायची आहेत. तपासणीच्या जागेशेजारी एक रुंद फाटक, लिफ्टला थोडं खोल दार, शेवटच्या डब्यात बसायला बाक नसलेला एक कोपरा, आणि नियमावलीत 120 बाय 70 बाय 40 ही मर्यादा. काँक्रीट पडण्याआधी हे नकाशात घालायला जवळजवळ काहीच खर्च नाही, नंतर प्रत्येक गोष्टीसाठी निविदा काढावी लागेल. गुरुग्राममध्ये राहणाऱ्या वाचकांनी मेट्रो प्रशासनाला एवढं पत्र आत्ताच लिहावं, आणि सोबत आपल्या सायकलीचं घडी घातलेलं माप टेपने मोजून कळवावं.