ढगातले हिमस्फटिक मोजताना

चमचाभर गरम पाण्यात थंड तापमापी बुडवली, तर ती पाण्यातली उष्णता शोषून घेते आणि पाणीच निवते. मोजण्याच्या क्रियेनेच मोजायची गोष्ट बदलते. विमानातून ढगांतले हिमस्फटिक मोजताना हीच अडचण येते.

उंच आकाशात पिंजलेल्या कापसासारखे दिसणारे तंतुमेघ हिमस्फटिकांचे बनलेले असतात. ते सूर्यप्रकाशाचा काही भाग परतवतात, तशीच पृथ्वीकडून निघणारी उष्णताही अडवतात. हवामानाच्या दृष्टीने या देवघेवीचा हिशेब करायचा, तर ढगात स्फटिक किती आणि केवढे, हे कळले पाहिजे. त्यासाठी विमानाच्या पंखाखाली उपकरण बसवतात. त्याच्या दोन बाहूंमध्ये लेसर किरणांचा झोत असतो. त्यातून जाणाऱ्या प्रत्येक स्फटिकाच्या सावलीची नोंद होते.

पण विमान सेकंदाला १०० मीटर किंवा त्याहूनही अधिक वेगाने जात असते. समोरची हवा त्याला वळसा घालून वाहते. अगदी बारीक स्फटिक हवेबरोबर वळतात. मोठे जडत्वामुळे जवळजवळ सरळ जातात. मधल्या आकाराचे स्फटिक मात्र थोडेसेच वळतात. त्यामुळे विमानाच्या पृष्ठभागालगत काही ठिकाणी ते जवळजवळ नसतातच आणि थोडे पलीकडे त्यांची गर्दी होते. म्हणजे उपकरण कोठे बसवले, यावर उत्तर बदलते!

दुसरी अडचण आणखी मोठी. मोठा स्फटिक उपकरणाच्या टोकावर आपटून फुटतो. त्याचे तुकडे झोतात शिरले, की एका स्फटिकाऐवजी अनेक लहान स्फटिक मोजले जातात. २००९ साली कॅनडातील शास्त्रज्ञांनी जुन्या आणि सुधारित टोकांची उपकरणे एकाच विमानावर बसवून ढगांतून नेली. सुधारित टोकांच्या उपकरणांत लहान स्फटिकांची संख्या पुष्कळ कमी भरली. पूर्वीच्या अनेक नोंदींकडे त्यामुळे संशयाने पाहावे लागले.

तुकडे ओळखायचे कसे? ते एकापाठोपाठ एक, अगदी जवळजवळ येतात. विमानाचा वेग सेकंदाला १०० मीटर असेल आणि दोन तुकड्यांत १ सेंटिमीटर अंतर असेल, तर त्यांच्या नोंदींत सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाचेच अंतर पडते. ढगातले मूळचे स्फटिक सहसा याहून पुष्कळ दूरदूर असतात. म्हणून अशा घाईने आलेल्या नोंदी संगणक वगळतो.

आता तुम्हीच सांगा : दोन स्फटिकांत अर्धा मीटर अंतर असेल, तर त्यांच्या नोंदींत किती वेळ जाईल?