डोळ्यांपुढे काजवे का चमकतात?

अशी कल्पना करा की, उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही बाळापूरला मामाकडे गेला आहात. मन नदीच्या काठचा किल्ला पाहून भर दुपारी तुम्ही धावतपळत घरी येता. मामाचे घर जुने, धाब्याचे; दार ठेंगणे. वाकायचे विसरता आणि चौकटीवर डोके आपटते. क्षणभर डोळ्यांपुढे चमचमणारे ठिपके नाचू लागतात. अशा वेळी इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला तारे दिसतात, आपल्याला काजवे! पण वैशाखातल्या भर दुपारी हे काजवे आले कोठून?

खरे म्हणजे तेथे प्रकाश नसतोच. डोळ्याच्या आतल्या पडद्याला दृष्टिपटल म्हणतात. त्यावर प्रकाश पडला की, तेथील पेशींतून विजेचे सूक्ष्म संदेश निघतात आणि ते दृष्टिचेतेच्या वाटेने मेंदूकडे जातात. मेंदू स्वतः कवटीच्या बंद पेटीत, काळोखात बसलेला असतो. त्याच्यापर्यंत पोचतात ते फक्त संदेश. या वाटेने काहीही आले तरी तो त्याचा अर्थ ‘प्रकाश’ असाच लावतो. दाराची कडी पाहुण्याने वाजवली काय किंवा वाऱ्याने हलली काय, घरातल्या माणसाला आवाज सारखाच! हिसका बसला की दृष्टिपटलावरच्या पेशी अशाच उगाच जाग्या होतात.

याची प्रचीती तुम्हांला घरबसल्या घेता येईल. अंधाऱ्या खोलीत डोळे मिटा, नजर नाकाकडे वळवा आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी पापणीवर बोटाने अगदी हलका स्पर्श करा. (डोळ्याचे काही दुखणे असेल तर हा प्रयोग करू नका.) एक फिकट वर्तुळ दिसेल, पण ते बोटापाशी नाही, नाकाच्या बाजूला! दृष्टिपटलावर प्रतिमा उलटी पडते ना? म्हणून तेथल्या बाहेरच्या भागातून आलेला संदेश मेंदू नाकाकडचा समजतो.

योहानेस म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञाने एक मासलेवाईक प्रकरण नोंदवले आहे. अंधारात डोळ्यावर ठोसा बसलेला एक मनुष्य म्हणू लागला की, त्या ठोशाने जो उजेड पडला, त्यात मी चोराला ओळखले! तुम्ही न्यायाधीश असता तर ही साक्ष मानली असती का?

पण मार डोक्याच्या मागच्या बाजूला बसला तरी काजवे दिसतात. डोळे तर पुढे! याचे कारण असे की, पाहण्याचे केंद्र मेंदूच्या अगदी पाठीमागच्या भागात आहे. सुमारे १४०० ग्रॅमचा हा मऊ मेंदू कवटीत एका द्रवात तरंगत असतो. डोके आपटून एकदम थांबते, मेंदू मात्र थोडा हलतच राहतो आणि हाडावर दाबला जातो. त्या दाबाने दृष्टिकेंद्रातील पेशी चेतवल्या गेल्या की पुन्हा तेच काजवे.

डोळ्यांवाचूनही ‘दिसू’ शकते हे १९६८ साली इंग्लंडमध्ये ब्रिंडली आणि लेविन यांनी दाखवले. दृष्टी गेलेल्या एका ५२ वर्षांच्या बाईच्या दृष्टिकेंद्रावर त्यांनी विजेची बारीक अग्रे बसवली. विजेचा सौम्य झटका दिला की तिला प्रकाशाचे पांढरे ठिपके दिसत. अग्र बदलले की ठिपक्याची जागाही बदले. अंधांना कृत्रिम दृष्टी देण्याचे पुढचे कित्येक प्रयत्न याच वाटेने झाले आहेत.

दारावर आपटल्यावरचे काजवे बहुधा काही क्षणांतच विझतात. टेंगळावर थंड पाण्याची पट्टी ठेवली की काम भागते. मात्र त्यानंतर उलट्या होऊ लागल्या, डोके वाढत्या प्रमाणात दुखू लागले, गुंगी आली किंवा बोलण्यात गोंधळ होऊ लागला, तर वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे. कवटीच्या आत रक्तस्राव होत असण्याचा संभव असतो. तसेच मार लागलेला नसतानाही डोळ्यात वारंवार वीज चमकावी, काळे ठिपके तरंगावेत किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखे वाटावे, तर दृष्टिपटल सुटू लागल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना डोळा दाखवावा लागतो.